गळा दुसऱ्यांदा बांधणाऱ्या बाई



आवाज गेला की गवई शिकवायला बसतो, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही. ज्याचा गळा एकदा अडला आणि ज्यानं तो जाणतेपणी पुन्हा बांधला, त्याच्यासारखा गुरू नाही, असं माझं ठाम मत आहे. गवई भास्करबुवा बखल्यांचा आवाज ऐन वयात फुटला. पुढं ते मोठे गवई आणि गुरू झाले, हे या सभागृहाला मी सांगायला नको. आज मी इटलीतल्या एका बाईंबद्दल बोलणार आहे.

जानिना अरांजी-लोम्बार्दी. जन्म १८९१, नेपल्सजवळच्या मारिल्यानोचा. १९२० साली रोमला त्या पहिल्यांदा ऑपेराच्या रंगमंचावर आल्या, त्या मेझो-सोप्रानो म्हणून. आवाजांच्या प्रकारांत फार शिरत नाही. मेझो म्हणजे बायकांचा जरा खालचा, दाट आवाज, सोप्रानो म्हणजे सर्वांत वरचा, एवढं पुरे. भूमिका होती मास्कान्यीच्या ‘काव्हालेरिया रुस्तिकाना’तली लोला.

या लोलाबद्दल थोडं बोलू द्या. सिसिलीतलं खेडं, ईस्टरची सकाळ. तुरिद्दू लष्करातून परततो तर त्याच्या लोलाचं लग्न झालेलं. तो सांतुत्साला जवळ करतो आणि पुन्हा लोलाकडेच वळतो. सांतुत्सा त्याला चर्चबाहेर अडवून विनवत असते आणि नेमकी तेव्हा पडद्याआडून लोलाची तान येते, हलकीफुलकी, कशाचंच ओझं नसलेली. दोन बायकांमधलं सगळं वैर मास्कान्यीनं त्या एका प्रवेशात घातलंय. लोला दोन वाक्यं टोचून बोलते आणि चर्चमध्ये निघून जाते. मागं उरते सांतुत्सा. खरं गाणं तिच्या वाट्याचं. मला नेहमी वाटतं, की लोला गाऊन विंगेत परतलेली तरुण गायिका तिथं उभी राहून काय ऐकत असेल? (हशा) हसू नका, मी मनापासून विचारतोय!

कारण १९२३ साली बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. गुरू आदेलिना स्तेले, ‘पालियाची’ या ऑपेरातली पहिली नेद्दा. बाई तिशी ओलांडलेल्या, कामं मिळत होती, आणि मेझोची सोप्रानो व्हायचं ठरवलं. हे किती जिकिरीचं आहे बघा. खालच्या स्वरांत स्वरतंतू जाड राहून कंप पावतात, वर जाताना ताणून पातळ व्हावे लागतात. मेझोला त्या जाडीचा लोभ असतो. ती तशीच वर नेली की स्वर उतरतो आणि घसा ओढला जातो. मध्येच टाकली की आवाजाचे दोन तुकडे ऐकू येतात. राहत्या घराचा पाया बदलावा तसं हे काम. त्याच वर्षी त्या सोप्रानो म्हणून उभ्या राहिल्या आणि १९२४ साली मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात, संगीतसंचालक तोस्कानिनींसमोर.

बाईंनी गायलेल्या १९२८ च्या ‘आयडा’ या ऑपेराच्या तबकड्या मिळाल्या तर जरूर ऐका. तिसऱ्या अंकात नाईलकाठी आयडाला मायदेश आठवतो. शेवटाकडे स्वर चढत जातो, आणि जिथं गाणाऱ्याला ओरडावंसं वाटतं तिथंच व्हेर्दीनं हळुवार गायची खूण केलीय. मी त्या गळ्यातला सांधा पुष्कळ शोधला, मला तो सापडला नाही. आणि खालची मेझो? ती जागच्या जागी आहे.

आता धावतं सांगतो. १९३८ ला रंगमंच सोडला, मग मिलानच्या संगीतशाळेत अध्यापन, आणि १९४७ च्या सुमारास तुर्कस्तानातलं अंकारा. तिथली सरकारी संगीतशाळा १९३६ ची. तिच्या उभारणीत जर्मन संगीतकार हिंडेमिटचा सल्ला, दिग्दर्शक कार्ल एबर्टचं काम, हे सगळं स्वतंत्र व्याख्यान होईल. पुढं मोठी सोप्रानो झालेली लैला गेन्जेर ही इस्तंबूलची मुलगी तिथलं शिक्षण सोडून बाईंकडे अंकाऱ्याला गेली. १९५० साली तिनं तिथं पहिली भूमिका केली, ती कुठली? सांतुत्सा! (टाळ्या)

चिठ्ठी आलीय. ‘बाई १९५१ त वारल्या, लैलाला पुढं आपोल्लो ग्रानफोर्ते यांनी शिकवलं, मग श्रेय बाईंनाच का?’ प्रश्न रास्त आहे. ग्रानफोर्ते मोठे बॅरिटोन. १९२८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात बाई आणि ते एकाच कंपनीत होते. त्यांचं श्रेय मी नाकारत नाही. पण १९३३ ला फ्लोरेन्सला दोनिझेत्तीची ‘लुक्रेत्सिया बोर्जा’ कुणी गायली? बाईंनी. १९६६ ला नेपल्सला तीच भूमिका? लैलानं. लैलाचे वरचे कुजबुजल्यासारखे स्वर ऐका, लगेच खालचे छातीतले काळेभोर स्वर ऐका. ही दोन टोकं एका गळ्यात कशी नांदवायची, हे जिला स्वतःला शिकावं लागलं तिनंच शिकवलं असणार, हे मी पुन्हा म्हणतो. चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी रागावू नये.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. बाईंच्या १९३१ च्या ‘जोकोंदा’ ऑपेराच्या तबकड्यांबद्दल बोलायचं राहूनच गेलं, ऑस्ट्रेलियातल्या त्या कंपनीच्या मेल्बाबाईंचं नावसुद्धा घेतलं नाही. अध्यक्ष महाराज, पाच मिनिटं द्या. ‘जोकोंदा’च्या चौथ्या अंकातलं गाणं लावा हो, आवाज जरा मोठा करा, आणि मंडळी, वरच्या स्वरांकडे नंतर बघू, आधी खालचे ऐका.