बाप रशियन, आई पुण्याची

मी गोवंडीहून बोलतेय. आमच्याकडे एकेका गल्लीत चार मुलखांतली माणसं राहतात, आणि त्यांची लग्नंही होतात. आई मराठी, बाप बिहारचा. मूल जरा खेळायला लागलं की कुणीतरी विचारतंच, "तू नक्की कुणातला रे?" मूल गप्प होतं.

आज सई परांजपे यांच्याबद्दल सांगते. 'स्पर्श', 'चश्मेबद्दूर' आणि चाळीतला तो 'कथा' हे सिनेमे त्यांचे. जन्म १९३८ चा. वडील रशियन चित्रकार, आई शकुंतलाबाई पुण्याच्या. दोघं लवकरच वेगळे झाले आणि मुलगी आईजवळ, आजोबांच्या घरी वाढली. त्या काळातलं पुणं डोळ्यांपुढे आणा. परदेशी नवरा, तोही सोडलेला, पदरात लहान मूल. लोक काहीच बोलले नसतील, असं मला तरी वाटत नाही.

पण शकुंतलाबाई तोंड लपवून बसल्या नाहीत. केंब्रिजला गणित शिकलेली ही बाई संततिनियमनाच्या कामाला लागली. तेव्हा हा विषय चारचौघांत काढायचीसुद्धा लाज वाटायची! पुढे त्या विधान परिषदेत गेल्या, राज्यसभेतही गेल्या. मुलीनं आईला असं काम करताना पाहिलं.

आजोबा रँग्लर परांजपे. मूळचे कोकणातल्या मुर्डीचे, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. १९४४ मध्ये ते ऑस्ट्रेलियात भारताचे हाय कमिशनर झाले. नातीच्या लहानपणाची काही वर्षं तिकडेच, कॅनबेरात गेली.

तुम्ही म्हणाल, पैसा होता, पुस्तकं होती, त्यांना काय कमी? खरं आहे. ते घर आपल्यासारखं नव्हतं. पण सगळंच काही पैशाचं नव्हतं. फर्ग्युसनच्या टेकडीवर अच्युत रानडे नावाचे सिनेमावाले मामा राहायचे. पोर चालत त्यांच्याकडे जायची आणि ते तिला सिनेमा सांगावा तशी गोष्ट सांगायचे. मोठा माणूस पोरीसाठी वेळ काढून बसला, एवढंच. आणि आठव्या वर्षी तिच्या परीकथांचं पुस्तक निघालं, 'मुलांचा मेवा'. आपल्याकडे आठ वर्षांची मुलगी गोष्ट रचायला लागली, तर आपण काय म्हणतो? "बडबड पुरे, भांडी घास."

पुढे त्या पुणे आकाशवाणीवर निवेदिका झाल्या, म्हणजे आपल्याच पंथातल्या! मग दिल्लीचं नाट्य विद्यालय, मग सिनेमा. त्यांचा 'दिशा' मिळाला तर गटात जरूर बघा. गावातली माणसं मुंबईला गिरणीत जातात, मागे राहिलेली बायको विड्यांच्या कारखान्यात कामाला लागते, आणि एकजण वर्षानुवर्षं विहीर खणत राहतो. आमच्या गोवंडीतली निम्मी घरं अशीच आलेली आहेत.

एक सांगायचं राहिलं. सईताईंनी आडनाव आईचंच लावलं. आता आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा नियम आहे. घरात नवं बाळ आलं असेल तर दाखल्यावर आईचं नाव नीट लिहिलंय ना, ते तिथेच वाचून घ्या.