फोरमन कोणाच्या बाजूचा?

१९३५ च्या वॅग्नर कायद्यापूर्वी अमेरिकन कारखान्यात कामगाराला ठेवणे वा काढणे बहुधा फोरमनच्या मर्जीवर असे. फेब्रुवारी १९३७ मध्ये फ्लिंटच्या ठिय्या संपापुढे जनरल मोटर्सला नमावे लागले. पुढे करारांतून सेवाज्येष्ठता, तक्रार-निवारण, लवाद अशी चौकट उभी राहिली आणि तिच्या सांभाळासाठी सेवकवर्ग खाती फोफावली. याचे श्रेय व्यवस्थापकांच्या दूरदृष्टीला देण्यात येते, ही गंमतच! अधिकार घटलेल्या फोरमननी मग स्वतःचीच संघटना बांधली. पॅकार्ड कंपनीच्या खटल्यात मार्च १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायद्याच्या अर्थाने कामगार मानले. परंतु जूनमध्ये, अध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून, टॅफ्ट-हार्टले कायदा संमत झाला. फोरमनला संघटनेत राहण्याची मुभा राहिली. तिच्याशी वाटाघाट करण्याचे मालकावरील बंधन मात्र गेले.