लाकूड आलं कुठून, जाणार कुठे



जंगल आणि मांडणशिल्प हा विषय घेऊन आपण चित्रकार-शिल्पकार आमच्या सावंतवाडीला आलात, याचा संमेलनाचा स्वागताध्यक्ष या नात्याने मला मनापासून आनंद आहे.

२०२१ साली शिल्पकार माया लिन यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कमध्ये ४९ झाडं उभी केली. सगळी मेलेली, चाळीसेक फूट उंच. न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समधल्या या पांढऱ्या सीडरच्या मुळांशी समुद्राचं खारं पाणी शिरलं होतं. भर उन्हाळ्यात बागेतली बाकीची झाडं पानांनी भरलेली, आणि त्यांच्यामध्ये हे करडे, बोडके सोट. जोडीला मॅनहॅटनमध्ये एके काळी नांदणाऱ्या पशुपक्ष्यांचे आवाज ऐकायची सोय होती. खाडीकाठच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. बांध फुटून खारं पाणी भातशेतीत शिरलं की काय होतं, ते त्याने पाहिलेलं असतं.

मला या कामाचा हिशेब फार मोलाचा वाटतो. ती झाडं जंगलाच्या पुनरुज्जीवनासाठी तशीही काढायचीच होती. प्रदर्शन उठल्यावर त्यांचं लाकूड ब्राँक्समधल्या मुलांना होड्या बांधायला मिळालं. शिवाय शहरात हजार झाडं-झुडपं लावली गेली. जंगलाचं दुःख मांडायला जंगलातूनच लाकूड तोडून आणायचं आणि नंतर ते कचऱ्यात टाकायचं, हे मला मुळीच पटत नाही.

सिअ‍ॅटलमध्ये कलाकार मार्क डायन यांनी हेमलॉकचा साठ फुटी पडका ओंडका काचघरात ठेवला आहे. त्यावर शेवाळ, नेचे, किडे आणि कोवळी रोपं जगतात; बघणाऱ्याच्या हाती भिंग देतात. रानात ओल आणि सावली आपसूक मिळते. इथे त्यासाठी हिरवट काच, पाण्याची यंत्रणा, रोजची देखभाल! एका ओंडक्यापायी एवढा खटाटोप लागतो, तर तोडलेलं रान कोण उभं करणार?

आमचे कारागीर पांगाऱ्याचं हलकं लाकूड कातून त्यावर लाख चढवतात. लाकूड रानाचं, लाखही रानाचीच. म्हणून स्वागत समितीने एकच अट घातली आहे : प्रत्येक मांडणीशेजारी लाकूड कुठून आलं आणि संमेलनानंतर कुठे जाणार, हे लिहायचं. ही अट कुणाला जाचक वाटली, तरी ती सैल होणार नाही.

उद्या सकाळी आपण दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याला जाऊ. तिथली रानजायफळाची दलदल गावाने देवराई म्हणून राखली आणि २०२१ मध्ये शासनाने ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. चिखलातून गुडघ्यांसारखी वर आलेली मुळं तिथे दिसतील. चिखलातली मुळं त्यांतून श्वास घेतात. कृपया त्यांवर पाय देऊ नका, फोटोसाठीसुद्धा नाही.

समितीच्या वतीने आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करतो आणि अध्यक्षांना संमेलनाची सूत्रं हाती घेण्याची विनंती करतो.