आईची भेट बंद

ऑक्टोबर २०१६. फ्लोरिडात १० वर्षांची मुलगी पोटदुखीने रुग्णालयात दाखल झाली. तिला सीआरपीएस हा असह्य वेदनांचा आजार असल्याचं निदान आधीच झालं होतं. मेक्सिकोत केटामाईन हे भुलीचं औषध देऊन तिला काही दिवस बेशुद्ध ठेवण्याचा जोखमीचा उपचारही झाला होता. आई स्वतः नर्स. तिने केटामाईनचा मोठा डोस मागितला आणि डॉक्टरांना आईच मुलीचा छळ करत असल्याचा संशय आला. मुलगी सरकारी ताब्यात गेली. आईला भेट बंद. बोलणं फोनवर, तेही पहाऱ्यात. लेकीला एकदा मिठी मारू द्या, ही विनंतीही न्यायालयाने फेटाळली. जानेवारी २०१७ मध्ये आईने जीवन संपवलं.

कुटुंबाने रुग्णालयावर भरलेल्या खटल्यात २०२३ मध्ये ज्यूरीने २० कोटी डॉलरहून जास्त भरपाई मंजूर केली. पुढे अपिलात तो निकाल रद्द झाला. संशय कळवणं हे तिथल्या डॉक्टरांचं कायदेशीर कर्तव्यच आहे. पण चौकशी संपेपर्यंत, परिचारिकेसमोर का होईना, त्या मायलेकींची भेट व्हायलाच हवी होती.