केसपेपरवर न येणारं दुखणं



गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या गावांत राणी आणि अभय बंग या डॉक्टर दाम्पत्याने 650 बायकांची तपासणी केली. 1989 साली तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग निघाला. त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. दुखणं घरोघर होतं, विचारणारं कोणी नव्हतं. नवऱ्याच्या मारझोडीबाबत आपण आजही तिथेच आहोत.

बाई दवाखान्यात येते. ‘कमजोरी आहे, कंबर दुखते, झोप येत नाही.’ मागे सासू नाहीतर नवरा उभा. रक्त तपासतात, लोहाच्या गोळ्या देतात, पुढचा नंबर. हात मोडला असेल तर ‘बांधीत घसरून पडली’ असं सोबतचाच सांगतो. जरा तो हात नीट पाहा. घसरणारा माणूस बहुधा तळहातावर पडतो आणि मनगटाशी मोडतो. काठीचा वार अडवायला हात वर केला, तर मोडतं ते करंगळीच्या बाजूचं हाड, मनगटाच्या वर. गळा आवळला असेल तर बाहेर वळ उठतोच असं नाही. आवाज बसतो, गिळताना दुखतं, आणि मेंदूचा झटका काही दिवसांनीही येऊ शकतो. गरोदरपणी पोटात लाथ बसली की रक्तस्राव, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. अशा बाईला पौषातल्या रात्री घराबाहेर काढणं म्हणजे तिच्या हाडांत कळा पेटवणं, कारण थंडी आणि ताण दोन्हींनी तो त्रास उसळतो. यातलं केसपेपरवर काय येतं? ‘अंगदुखी’.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या दर चार विवाहित बायकांपैकी एकीने नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. सांगितलं तेवढ्याच मोजल्या गेल्या.

या मारामागे दारू असते असं म्हणाल, तर गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे. चंद्रपुरात 2015 साली आली, 2021 मध्ये उठली. दारूबंदीच्या लढ्यात बायाच पुढे होत्या, आणि पिऊन आलेला नवरा मारतो हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण न पिणारेही मारतात. बाटलीवर सगळा दोष टाकून मारणाऱ्याला मोकळं सोडणं मला मान्य नाही.

कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा स्पष्ट आहे: पीडित बाईने मागितल्यावर दवाखान्याने उपचार द्यायचेच, आधी तक्रार नोंदवली नसली तरी. इथे बसलेल्या आशाताई, सिस्टर, डॉक्टर, तुम्हाला माझी कळकळीची विनंती आहे. सोबतच्याला औषधाच्या खिडकीवर पाठवा आणि तेवढ्यात तिला विचारा, ‘बाई, घरी कोणी हात उगारतं का?’ लगेच नाही सांगणार. पुढच्या खेपेला पुन्हा विचारा. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर तोंडी सांगा, लिहून देऊ नका, चिठ्ठी घरी सापडते. आणि कोणी मारलं, कशाने, कुठे लागलं, हे तिच्याच शब्दांत दवाखान्याच्या नोंदीत उतरवा. ती कोर्टात दोन वर्षांनी जाईल, तेव्हा वळ गेलेले असतील; तिच्याकडे तेवढाच पुरावा असेल.