घाट उतरताना घाई नको

गटाची स्टॉलची ट्रॉली पिकअपला जोडून आम्ही दोघी पाटणहून चिपळूणला निघालो होतो. कुंभार्ली घाटाच्या उतारावर डिझेल वाचवायला ड्रायव्हरदादांनी गाडी न्यूट्रल केली. मागून ट्रॉली रेटू लागली, ब्रेक तापून जळका वास आला. आम्ही गाडी बाजूला घ्यायला लावली. ब्रेक निवल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरलो.

लक्षात ठेवा, ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. मग इंजिनच गाडी आवरून धरतं. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. चढत्या गाडीला आधी वाट द्यायची. आणि ड्रायव्हर चुकला तर भीड न धरता बोलायचं. भाडं आपण देतो, जीवही आपलाच असतो.