घर बदला, जागा तीच

अमेरिकेत फ्लोरिडा, ॲरिझोनाकडे निवृत्तांच्या खास वसाहती आहेत. त्यातल्या अनेकींत घरं कारखान्यात तयार होतात आणि ट्रकमागून ओढत आणली जातात. या घरांसाठी देशभर एकच नियमावली लागू झाली ती 15 जून 1976 पासून. त्यानंतरच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर लाल रंगाची छोटी धातूची पट्टी असते. ती नसेल, तर घर बहुधा त्याआधीचं.

1992 मध्ये अँड्र्यू चक्रीवादळानं दक्षिण फ्लोरिडात अशा घरांची दाणादाण उडवली. मग 1994 मध्ये वाऱ्याला टिकण्याचे निकष कडक झाले. जुन्या घराची डागडुजी करत बसण्यापेक्षा नवं आणावं, हा विचार म्हणूनच रास्त वाटतो.

घर बदलताना आधी जुन्याच्या वीज, पाणी, सांडपाण्याच्या जोडण्या तोडतात. जुना सांगाडा ओढण्याजोगा नसेल तर जागच्या जागीच मोडतात. नवं घर बऱ्याचदा दोन भागांत येतं. उघडी बाजू प्लॅस्टिकनं झाकलेली, खाली चाकं. दोन्ही भाग एकमेकांना भिडवून सांधतात, आणि पोलादी पट्ट्यांनी जमिनीत रोवलेल्या नांगरांना (अँकर) आवळतात. खरी मेख इथंच आहे: नांगर ढिले, तर नव्या घराचाही भरवसा नाही.

आणखी एक. घर आपलं असलं तरी खालची जमीन पुष्कळदा वसाहतमालकाची, दरमहा भाड्याची. तुमचे कुणी आप्त तिकडे असं घर घेणार असतील, तर त्यांना सांगा, स्वयंपाकघर नंतर बघा, आधी जागेचा भाडेकरार वाचा.